रिची ब्लॅकमोर मंचावर: लाइव्ह रेकॉर्डिंग ऐकायला शिकताना

डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडच्या चाहत्यांत एक वाद पन्नास वर्षं पेटता आहे. बँडचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर मंचावर सर्वांत चांगला कधी वाजला? एक गट १९७२ च्या जपान दौऱ्यावर ठाम असतो, त्यानंतर तसं कोणी वाजवलंच नाही म्हणतो. दुसऱ्या गटाला १९७६ चा, रेनबो या त्याच्या पुढच्या बँडमधला ब्लॅकमोर हवा असतो, लांब आणि उदास सोलो घेणारा. तिसऱ्याचं म्हणणं, माणूस लहरी, मूड नसला की पाट्या टाकायचा, आणि त्याच्यानंतर आलेला स्टीव्ह मोर्स रोज रात्री चोख वाजवायचा. नव्याने रॉक ऐकू लागलेला माणूस या भांडणात सापडला की बावरतो, कारण सगळे छातीठोकपणे बोलतात आणि पुरावा क्वचितच कोणी देतो.

हा लेख अशा नव्या श्रोत्यासाठी आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. बोलणारा कोणती रात्र, कोणतं गाणं आणि गाण्यातली कोणती जागा हे सांगू लागला की या वादात मजा येते. तोवर सगळं मोघम. आपल्याकडे जुने श्रोते एकाच गायकाच्या यमनाची दोन वेगवेगळ्या मैफलींतली रेकॉर्डिंग समोर ठेवून तासन्‌तास बोलतात, कुठली तान कुठे घेतली, कुठे श्वास घेतला इथपर्यंत. गिटारवरही असंच बोलता येतं. त्यासाठी कान थोडा तयार करावा लागतो, आणि ते घरबसल्या, हेडफोन लावून होतं. वाद्य वाजवता यायलाच हवं असं काही नाही.

पहिली पायरी: एकच रेकॉर्ड घ्या

सुरुवातीला दहा आल्बम गोळा करू नका. 'मेड इन जपान' एवढा एकच घ्या. ऑगस्ट १९७२ मध्ये डीप पर्पलने जपानमध्ये तीन कार्यक्रम केले: १५ आणि १६ तारखेला ओसाकाच्या फेस्टिव्हल हॉलमध्ये, १७ ला टोकियोच्या बुदोकानमध्ये. तिन्ही रात्री मार्टिन बर्च या इंजिनियरने ध्वनिमुद्रित केल्या आणि त्यांतून सात गाणी निवडून त्याच वर्षाच्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये दोन तबकड्यांचा संच निघाला. लाइव्ह आल्बम काढायची खुद्द बँडला फारशी हौस नव्हती. आग्रह जपानच्या रेकॉर्ड कंपनीचा होता.

बँडमध्ये तेव्हा पाच जण होते: गायक इयान गिलन, गिटारवर ब्लॅकमोर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, बेसवर रॉजर ग्लोव्हर, ड्रम्सवर इयान पेस. ही नावं पाठ करून ठेवा. ब्लॅकमोर काय वाजवतो हे बाकीचे चौघे काय करतात त्यावर ठरतं, विशेषतः लॉर्ड.

सातही गाणी एका बैठकीत ऐकायची गरज नाही. 'हायवे स्टार', 'स्मोक ऑन द वॉटर', 'चाइल्ड इन टाइम' आणि 'लेझी' या चारांनी सुरुवात करा. 'द म्यूल' मुख्यतः ड्रम सोलोसाठी आहे. तो सुंदर आहे, पण आपल्या कामाचा नंतर. 'स्पेस ट्रकिन'' मूळ तबकडीची अख्खी चौथी बाजू व्यापतं, वीसेक मिनिटं चालतं. कान तयार झाल्याशिवाय तिथे गेलात तर कंटाळाल.

दुसरी पायरी: गिटार कोणती आणि ऑर्गन कोणता, ते ओळखा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि मग वादात तोंडघशी पडतात. जॉन लॉर्ड हॅमंड सी-३ ऑर्गन वाजवायचा. असे ऑर्गन वाजवणारे बहुतेक वादक लेस्लीचा फिरता स्पीकर वापरत. लॉर्डने आपला ऑर्गन गिटारच्या मार्शल अँप्लिफायरमध्ये घातला. त्यामुळे त्याचा आवाज करकरीत, फाटलेला, गुरगुरणारा झाला, अगदी गिटारच्या जातीचा. नव्या कानाला 'हायवे स्टार'मध्ये जो पहिला सोलो येतो तो गिटारचाच वाटतो. तो लॉर्डचा ऑर्गन आहे. गिटारचा सोलो त्याच्यानंतर येतो.

फरक ओळखायच्या तीन खुणा सांगतो. पहिली, सूर ताणला जातो का ते ऐका. गिटारवादक बोटाने तार वर ढकलतो आणि सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकत जातो, यालाच बेंड म्हणतात. ऑर्गनची पट्टी दाबली की सूर ठरलेल्या जागीच उभा राहतो. दुसरी, सुराची सुरुवात ऐका. गिटारच्या प्रत्येक सुराला प्लेक्ट्रमचा, म्हणजे तार छेडायच्या छोट्या चकतीचा, एक बारीक टक असतो, मग सूर फुलतो आणि विझू लागतो. ऑर्गनचा सूर पट्टी दाबलेली आहे तोवर त्याच ताकदीने चालू राहतो. तिसरी, सुराच्या शेवटी थरथर आहे का ते ऐका. ब्लॅकमोर लांब सूर धरतो तेव्हा बोट हलवून त्याला व्हायब्रॅटो देतो, आणि तो सुरुवातीला नसतो, उशिरा येतो. सूर आधी सरळ उभा राहतो आणि मग कापू लागतो. ही त्याची सही आहे. एकदा कळली की तुम्ही त्याला अनोळखी रेकॉर्डिंगमध्येही ओळखाल.

हेडफोन लावून एकेका कानातला आवाज आळीपाळीने बंद करून पाहा. मिक्समध्ये गिटार आणि ऑर्गन कुठल्या बाजूला बसवलेत ते पाच मिनिटांत कळतं आणि पुढचं सगळं सोपं होतं.

सराव म्हणून 'लेझी' घ्या. सुरुवात एकट्या लॉर्डची, नाना तऱ्हेचे आवाज काढत. मग गाण्याची मुख्य चाल येते, आणि पुढे गिटार आणि ऑर्गन एकमेकांच्या ओळी उचलत जातात. याच गाण्यात ब्लॅकमोर मध्येच ह्यूगो आल्फ्वेन या स्वीडिश संगीतकाराच्या 'स्वीडिश ऱ्हॅप्सडी'ची चाल घुसवतो, आणि ती अशी सहज येते की पहिल्यांदा लक्षातही येत नाही. ती जागा स्वतः शोधा. सापडली की तुमचा कान मार्गाला लागला म्हणून समजा.

तिसरी पायरी: आधी स्टुडिओ, मग मंच

मंचावरचं वादन नवं काय सांगतं हे कळायला मूळ पाठ डोक्यात हवा. 'हायवे स्टार'चा मूळ पाठ १९७२ च्या 'मशीन हेड' आल्बमवर आहे. त्यातला गिटार सोलो ब्लॅकमोरने आधी बांधून ठेवला होता, ऐन वेळी सुचलेला नाही. या गोष्टीला महत्त्व आहे, कारण पुष्कळ जण त्याला निव्वळ उत्स्फूर्त वादक समजतात. सोलोचा वेगवान भाग डी मायनर, जी मायनर, सी आणि ए या कॉर्ड्सवरून (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुड्यांवरून) फिरतो. हा क्रम आपण बाख या जर्मन संगीतकाराच्या धर्तीवर घेतल्याचं ब्लॅकमोरने स्वतः सांगितलं आहे. स्टुडिओत त्याने त्या भागावर दुसरी गिटार चढवली, त्यामुळे दोन गिटारी हातात हात घालून धावतात.

मंचावर दुसरी गिटार नाही. आता 'मेड इन जपान'मधला तोच सोलो लावा. हा १६ ऑगस्टचा, ओसाकाचा आहे. सुरुवातीचा ब्लूजच्या अंगाचा भाग तो मोकळा सोडतो, तिथे स्टुडिओतल्या ओळी फक्त खुणेपुरत्या येतात. वेगवान भाग आला की मात्र बांधलेल्या रस्त्यावर परत येतो, कारण तो भाग ऐकायलाच लोक आलेले असतात. बांधलेलं कुठे पाळायचं आणि कुठे सोडायचं, हा निर्णय दर रात्री वेगळा पडतो. ब्लॅकमोरच्या शैलीवर बोलायचं तर इथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं. वेग, टोन, आवाज हे सगळं नंतर.

कागद-पेन्सिल घेऊन बसा. एका रकान्यात स्टुडिओचा सोलो, दुसऱ्यात ओसाकाचा. सोलोचे तीन-चार तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यासमोर लिहा: तसाच, थोडा बदलला, की पूर्ण नवा. नोटेशन येत नसेल तरी काही बिघडत नाही. 'वरून खाली घसरत आला', 'एकाच सुरावर अडून राहिला', असं साध्या मराठीत लिहा. एवढ्या कागदावर तुम्ही मोठमोठ्या जाणकारांसमोर टिकून बोलू शकाल.

'चाइल्ड इन टाइम'लाही हेच करा, पण तिथे लक्ष वेगावर ठेवा. ए मायनरमधलं हे गाणं १९७० च्या 'इन रॉक'वर दहा मिनिटांचं आहे, ओसाकात बाराच्या पुढे जातं. सोलो संयमाने सुरू होतो, मग लय दुणावते आणि गिटार सुसाट सुटते, आणि शेवटी सगळा बँड एका क्षणात थांबून ऑर्गनची सुरुवातीची संथ चाल परत येते. तो थांबा येईपर्यंत ब्लॅकमोर ताण कसा चढवत नेतो, एखादी छोटी ओळ पुन्हापुन्हा घेऊन ती वर कशी सरकवतो, ते ऐका.

चौथी पायरी: उजवा हात

'स्मोक ऑन द वॉटर'चं रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारी गिटारची छोटी चाल, गिटार हातात घेणाऱ्या प्रत्येकाने वाजवलेलं असतं, आणि बहुतेकांनी चुकीचं. नवशिके ते जाड पॉवर कॉर्ड्सनी, प्लेक्ट्रमने ठोकतात. ब्लॅकमोर एका वेळी दोनच तारा वाजवतो, त्यांत चार स्वरांचं अंतर असतं, आणि प्लेक्ट्रम बाजूला ठेवून दोन बोटांनी दोन्ही तारा एकदम उचलतो. घरी गिटार असेल तर डी आणि जी या दोन तारा मोकळ्या छेडा, मग दोन्ही तिसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरची धातूची आडवी पट्टी), मग पाचव्यावर. आधी प्लेक्ट्रमने वाजवून पाहा, मग दोन बोटांनी. प्लेक्ट्रमने एक तार दुसरीच्या किंचित आधी बोलते. बोटांनी दोन्ही एकाच क्षणी बोलतात, आणि रिफला तो घट्ट, कोरडा ठोका मिळतो.

गाण्यामागची हकिगत बहुतेकांना ठाऊक असते: ४ डिसेंबर १९७१, स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या कॅसिनोत फ्रँक झापा या अमेरिकन रॉक संगीतकाराचा कार्यक्रम चालू असताना लागलेली आग, आणि तलावावर पसरलेला धूर. 'मेड इन जपान'मध्ये हे एकच गाणं पहिल्या रात्रीचं, १५ ऑगस्टचं आहे. सुरुवातीला ब्लॅकमोर रिफशी खेळतो, ते जरा आडवंतिडवं मोडून दाखवतो, आणि मग सरळ चालीवर येतो. गाणं तेव्हा जेमतेम काही महिन्यांचं होतं, त्याचं पुढे काय होणार हे मंचावरच्या कोणालाच माहीत नव्हतं. आज ऐकताना हे लक्षात ठेवलं तर तो खेळकरपणा जास्त आवडतो.

पाचवी पायरी: तीन रात्री शेजारी ठेवा

आता खरी गंमत. १९९३ साली 'लाइव्ह इन जपान' नावाने तीन सीडींचा संच निघाला, त्यात या तीन रात्रींचा बराचसा भाग होता. २०१४ मध्ये याहून भरघोस संच आला, त्यात कार्यक्रम संपल्यावर लोकांच्या आग्रहाखातर वाजवलेली गाणीसुद्धा आहेत. त्यामुळे एकच गाणं लागोपाठच्या तीन रात्री ऐकता येतं. सत्तरच्या दशकातल्या रॉकमध्ये असा योग फार कमी वाट्याला येतो.

मूळ आल्बमसाठी निवड कशी झाली तेही पाहा. सातपैकी चार गाणी १६ तारखेची: 'हायवे स्टार', 'चाइल्ड इन टाइम', 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन' आणि 'स्पेस ट्रकिन''. टोकियोची दोन, 'द म्यूल' आणि 'लेझी'. पहिल्या रात्रीचं फक्त 'स्मोक ऑन द वॉटर'. टोकियोची रात्रच सर्वांत चढती होती असं मानणारेही चाहते आहेत. तुम्ही स्वतः ऐकून ठरवा, आणि ठरवताना गाणं बदलू नका. 'ओसाका चांगलं की टोकियो' हा प्रश्न फार मोठा आहे. 'ओसाकाच्या दोन रात्रींतल्या "स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन"मधली गिलन आणि ब्लॅकमोरची जुगलबंदी कोणती सरस' हा प्रश्न हातात मावतो. त्या जुगलबंदीत गिटार एक ओळ टाकते, गिलन ती गळ्याने परत करतो, गिटार अवघड करत जाते, आणि शेवट गिलनच्या लांबलचक किंकाळीने होतो. ब्लॅकमोर समोरच्याची परीक्षा घेत असताना काय वाजवतो, हे इथे स्वच्छ दिसतं.

आता 'स्पेस ट्रकिन''ला हात घाला. स्टुडिओत साडेचार मिनिटांचं गाणं मंचावर वीस मिनिटांचं होतं, कारण मधला लांब वाद्यांचा पट्टा बँडच्या १९६८ मधल्या 'मँड्रेक रूट' या जुन्या गाण्यातून आलेला आहे. त्यातच एक जागा अशी येते की गिटारचा सूर तो सुरुवातीचा टक न होता, आतून उगवल्यासारखा येतो, चेलोसारखा. ब्लॅकमोर तिथे तार छेडताना व्हॉल्यूम बंद ठेवतो आणि करंगळीने नॉब हळूच वर फिरवतो. त्याच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा व्हॉल्यूम नॉब तारांच्या अगदी जवळ असतो म्हणून हे जमतं. हीच युक्ती 'फायरबॉल' आल्बमवरच्या 'फूल्स' या गाण्यातही आहे. वेगाच्या गोष्टी करणाऱ्या लोकांना ही जागा जरूर ऐकवा.

सहावी पायरी: हात कोणाचा आणि यंत्र कोणाचं

टोनवरून होणारी निम्मी भांडणं खरं म्हणजे अँप्लिफायरवरून होतात. थोडी माहिती असू द्या. सुरुवातीच्या वर्षांत ब्लॅकमोरकडे गिब्सन ईएस-३३५ होती. सप्टेंबर १९६९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर बँडचा जो कॉन्चेर्टो झाला, तो त्या काळातला. पुढे तो फेंडर स्ट्रॅटोकास्टरवर आला आणि तिथेच राहिला. मार्शल मेजर हे दोनशे वॉटचे अँप, मधला पिकअप (तारांचा आवाज टिपणारं तारांखालचं चुंबक) जवळजवळ वापरायचाच नाही, फ्रेटबोर्डचं लाकूड फ्रेट्सच्या मध्ये कोरून काढलेलं. असं कोरलं की बोटाखाली फक्त तार राहते आणि बेंड आणि व्हायब्रॅटोवर ताबा वाढतो, पण जास्त दाबलं तर सूर चढतो. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून तो आयवाचा एक टेपरेकॉर्डर इको म्हणून आणि अँपला जास्त जोर मिळावा म्हणून वापरू लागला. १९७६ ची गिटार १९७२ पेक्षा जाड आणि लांब श्वासाची वाटते, त्यात त्या टेपरेकॉर्डरचाही वाटा आहे. तेवढ्यावरून 'त्याची शैली बदलली' असं म्हणू नका. वाक्यांची लांबी बदलली का, विसावे बदलले का, ते पाहा आणि मग बोला.

रेकॉर्डिंगची जातही तपासा. अधिकृत आल्बम, मिक्सरवरून घेतलेली साउंडबोर्ड प्रत आणि प्रेक्षकांत बसून कोणी उतरवलेली बूटलेग या तिन्हींत गिटार वेगवेगळी ऐकू येते. साउंडबोर्डमध्ये हॉलचा आवाज नसतो, म्हणून वादन उघडंनागडं आणि कोरडं वाटतं. प्रेक्षकांतल्या टेपवर ड्रम्स लांब जातात आणि गिटार अंगावर येते. शिवाय अधिकृत लाइव्ह आल्बमही काटछाट केलेले असतात. रेनबोचा १९७७ चा 'ऑन स्टेज' १९७६ च्या जर्मनी आणि जपान दौऱ्यांतल्या वेगवेगळ्या रात्रींचे तुकडे जोडून बनवला आहे. त्यातल्या एखाद्या सोलोला 'त्या रात्रीचा प्रवाह' वगैरे म्हणण्याआधी एवढं ध्यानात असू द्या.

सातवी पायरी: 'मिस्ट्रीटेड'ची कसोटी

बहात्तर विरुद्ध शहात्तर या वादात उतरायचं असेल तर 'मिस्ट्रीटेड' हे गाणं तुमच्यासाठीच आहे. १९७४ च्या 'बर्न' आल्बमवर ते पहिल्यांदा आलं, तोवर गिलन आणि ग्लोव्हर जाऊन डेव्हिड कव्हरडेल आणि ग्लेन ह्यूज आले होते. एप्रिल १९७५ मध्ये ग्राझ, सारब्रुकेन आणि पॅरिस इथे डीप पर्पलबरोबर ब्लॅकमोरचे त्या पर्वातले शेवटचे कार्यक्रम झाले, आणि त्यांतून पुढच्या वर्षी 'मेड इन युरोप' निघाला. त्यावर 'मिस्ट्रीटेड' आहे. आणि रेनबोच्या 'ऑन स्टेज'वर तेच गाणं रॉनी जेम्स डिओच्या गळ्यात आहे, मागे कोझी पॉवेलचे ड्रम्स.

तीच रचना आणि तोच गिटारवादक, मधलं अंतर जेमतेम दीड-पावणेदोन वर्षांचं, पण बँड वेगळा. तिन्ही पाठ एकाच संध्याकाळी ऐका. मला जे ऐकू येतं ते असं: युरोपातल्या पाठात ब्लॅकमोरच्या ओळी तुटक आहेत, चिडलेल्या आहेत, आणि ह्यूजचा बेस सतत हालचाल करत असल्यामुळे त्याला जागा मिळवावी लागते. रेनबोमध्ये खालचा आधार सरळ आणि जड आहे, म्हणून तो एकेक सूर धरून बसतो, शांतता पसरू देतो, गाण्याच्या सुरुवातीला तर जवळपास एकटाच बोलतो. दोन्ही ठिकाणी माणूस तोच आणि व्हायब्रॅटोही तोच, उशिरा येणारा. मला युरोपचा पाठ जास्त भिडतो. पुष्कळ जण याच्या उलट म्हणतील, आणि त्यांच्याकडेही दाखवायला जागा असतील. अशा माणसाशी वाद घालायला बसा, वेळ कारणी लागेल.

आठवी पायरी: लहरीपणाचं काय करायचं

हा मुद्दा वादात येणारच, म्हणून तयारी ठेवा. ६ एप्रिल १९७४, कॅलिफोर्निया जॅम हा रॉक महोत्सव, ओंटारिओ मोटर स्पीडवे. सूर्य मावळल्याशिवाय मंचावर जायला ब्लॅकमोर तयार नव्हता. शेवटी त्याने टीव्हीवाल्यांच्या कॅमेऱ्यात गिटार खुपसली आणि अँप्लिफायर पेटवून दिले. चित्रण उपलब्ध आहे, आणि सगळे शेवटची पाच मिनिटं पाहतात. तुम्ही आधीचं 'मिस्ट्रीटेड' पाहा, त्याचा डावा हात पाहा.

९ नोव्हेंबर १९९३, बर्मिंगहॅम. ब्लॅकमोर पुन्हा डीप पर्पलमध्ये होता, गिलनही परत आला होता आणि दोघांचं फाटलं होतं. 'हायवे स्टार' सुरू झालं तरी ब्लॅकमोर मंचावर नाही. तो आला थेट सोलोच्या वेळी, आणि मग कॅमेऱ्याच्या दिशेने पाणी फेकलं. त्याच महिन्यात त्याने बँड कायमचा सोडला. 'कम हेल ऑर हाय वॉटर' या नावाने ही रात्र चित्रित स्वरूपात आहे. लहरीपणाचे विरोधक ती पुरावा म्हणून आणतात, आणि मला ते पटतं: सहवादकांना असं वागवणं गैरच. पण त्याच रात्रीच्या इतर गाण्यांत तो काय वाजवतो याची नोंद वेगळ्या रकान्यात करा. वागणूक आणि वादन एकाच वाक्यात कोंबलं की दोन्हींवर धड बोलणं होत नाही.

चुकांचंही तसंच. ब्लॅकमोर मंचावर चुकतो, कधी ओळ मध्येच सोडून देतो, कधी बेंड पुरता पोहोचत नाही. प्रत्येक वेळी विचारा, तो काही नवीन करायला गेला होता का, की नेहमीचंच वाजवताना घसरला? पहिल्या प्रकारच्या चुका मला अजिबात खटकत नाहीत. दुसऱ्या प्रकारच्या खटकतात, आणि त्या १९९३ मध्ये १९७२ पेक्षा जास्त आहेत असं माझं मत आहे.

नववी पायरी: मोर्स, आणि मुंबईचं रेकॉर्डिंग

ब्लॅकमोर गेल्यावर काही महिने जो सॅट्रियानी या गिटारवादकाने दौरे निभावले आणि १९९४ च्या अखेरीस स्टीव्ह मोर्स आला. तो २०२२ पर्यंत होता, म्हणजे ब्लॅकमोरपेक्षा कितीतरी जास्त काळ. 'मोर्सला भाव नाही' असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब विसरू नये.

त्याचं ऐकायला सुरुवात करायची तर आपल्या माणसांसाठी एक रेकॉर्डिंग अगदी जवळचं आहे. मोर्स नवाकोरा असताना, एप्रिल १९९५ मध्ये, डीप पर्पल भारतात आले आणि ८ तारखेला मुंबईत वाजले. त्या कार्यक्रमाचं चित्रण 'बॉम्बे कॉलिंग' नावाने निघालं आहे. हे नाव जाणकारांना लगेच ओळखीचं वाटतं, कारण सॅन फ्रान्सिस्कोच्या इट्स अ ब्यूटिफुल डे या बँडची त्याच नावाची १९६९ ची एक रचना आहे, आणि 'चाइल्ड इन टाइम'ची सुरुवातीची चाल तिच्यावरूनच घेतलेली आहे. ती रचना आधी ऐका, मग 'चाइल्ड इन टाइम', कान टवकारतील.

मुंबईच्या कार्यक्रमातलं 'स्मोक ऑन द वॉटर' ओसाकाच्या शेजारी ठेवा. मोर्स अमेरिकन, डिक्सी ड्रेग्ज या बँडमधून आलेला. प्लेक्ट्रम खाली-वर समान चालतो, एकेक सूर मण्यासारखा सुटा. त्याच्या ओळी लांब आणि भरलेल्या असतात. ब्लॅकमोर ओळ अर्धी टाकून थांबतो, पुढच्या ठोक्याला उशीर करतो, आणि त्या उशिरात ऐकणाऱ्याचा जीव टांगून ठेवतो. मला हे दुसरं जास्त प्रिय आहे. पण त्या रात्री मोर्ससमोर पंचवीस वर्षांचा वारसा होता आणि तो त्याने नकला न करता पेलला. त्याचं वादन ब्लॅकमोरच्या मापाने मोजलं तर फक्त 'हे नाही, ते नाही' एवढंच ऐकू येतं. म्हणून त्याच्या ओळीत काय आहे ते आधी लिहून काढा.

वादात उतरताना

आता तुमच्याकडे कागद आहे, रात्री आहेत, जागा आहेत. बोलताना गाणं, तारीख आणि सोलोचा कितवा भाग हे पहिल्याच वाक्यात सांगा. समोरचा 'तो सर्वांत महान' म्हणाला तर 'कुठल्या रात्री?' एवढंच विचारा. त्याने उत्तर दिलं तर ते रेकॉर्डिंग लावा आणि दोघं मिळून ऐका, मध्ये न बोलता. कान नवा असल्याची लाज बाळगू नका. जुन्या चाहत्यांनी एखादा सोलो शेकडो वेळा ऐकलेला असतो आणि त्यांना तो आता ऐकूच येत नाही, फक्त आठवतो. तुम्ही तो खरोखर ऐकत असता.

हे सगळं पचलं की १२ नोव्हेंबर १९७० चं स्टॉकहोमचं रेकॉर्डिंग घ्या. त्यात 'रिंग दॅट नेक' आणि 'मँड्रेक रूट' अर्ध्या-अर्ध्या तासाच्या घरात जातात. ब्लॅकमोर पंचवीस वर्षांचा, बँड अजून जगप्रसिद्ध व्हायचा होता, आणि कोणालाच घाई नव्हती. तिथे मात्र घड्याळ आणि कागद बाजूला ठेवा.